सहा तासांचा आठवडा आणि २००ची बीआरएम : घर, शिफ्ट, पाणी सांभाळून बसवायचं कसं?

फौंड्रीकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात एखादी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) करायची आहे. सायकलीला आठवड्यातून जेमतेम सहा तास मिळतील. परिस्थिती मांडतो, उपाय तुम्ही सांगा.

नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, जनरल शिफ्ट ८:३० ते ५:३०, महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. सुट्टी सोमवारी. घर कोल्हापुरात राजारामपुरीत, कंपनी साधारण दहा किमी. बायकोचीही नोकरी आहे आणि तिची सुट्टी रविवारी, म्हणजे सुट्ट्यासुद्धा जुळत नाहीत. मोठ्याची व्हॅन ७:१० ला. धाकटी तीन वर्षांची, बालवाडी ९ ते ११:३०. घरी आई-बाबा आहेत. नळाला पाणी पहाटे ५:३० ते ६:३०, ते भरायचं काम माझ्याकडं.

सायकल अॅलॉय फ्रेमची रोड बाईक, गिअरचे दात पुढं ५०/३४, मागं ११-३२, टायर २८ मिमीचे. ट्रेनर (घरात सायकल जागेवर चालवायचा स्टँड) नाही. प्रश्न तीन : सहा तासांत २०० होतं का, ते सहा तास कुठल्या दिवशी कसे टाकायचे, आणि ट्रेनर घ्यावा का?

चेनवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच आहे. २०० च्या बीआरएमला वेळ साडेतेरा तास. थांबे धरून सरासरी पडते १४.८. कंट्रोल (वाटेतले नोंदीचे थांबे), नाश्ता, जेवण, पंक्चर मिळून दोन तास थांबलात तर उरले साडेअकरा तास, म्हणजे चालत्या सायकलवर १७.४ ची सरासरी. सपाटीवर २२-२३ ने जाणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

लोक २०० मध्ये दम संपून बाद होत नाहीत. बाद होतात ते तीन गोष्टींनी : सीटवर सहा तासांनंतर होणारा त्रास, खाण्यातली चूक, आणि कंट्रोलवर चहाच्या नावाखाली गेलेली ४५ मिनिटं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तासाभराच्या राईडमध्ये कधीच कळत नाहीत. म्हणून सहा तास सारखे वाटू नका. एक लांब राईड आणि बाकी तुकडे.

कट्ट्यावरचा
२०० ला पाय लागत नाहीत भावा, घरातनं परवानगी लागते. ती ३०० पेक्षा अवघड.

सोमवारपेठ
सुट्ट्या जुळत नाहीत हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. नीट बघा, हाच तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

सोमवारी मोठा शाळेत, बायको ऑफिसात. ७:१० ची व्हॅन सोडली की ७:३० ला तुम्ही रस्त्यावर. त्या तीन तासांत घरातल्या कुणाचाच तुमच्यासोबतचा वेळ जात नाही. रविवारी सुट्टी असणारे लोक नेमका घरच्यांचा वेळ उचलतात, आणि भांडण तिथनं सुरू होतं. तुमचा रविवार संध्याकाळी सहानंतर पूर्ण मोकळा ठेवा, सायकलीचं नाव काढू नका.

शिवाय सोमवारी पन्हाळ्याचा रस्ता रिकामा मिळतो. रविवारी तिथं पर्यटकांच्या गाड्या, आणि रविवार ज्योतिबाचा वार असल्यानं केर्लीपासनं गर्दी.

एक बारीक गोष्ट : सोमवारी गावातली बरीच दुकानं बंद असतात. ट्यूब, केबल, ब्रेक पॅड लागणार असेल तर रविवारीच आणून ठेवा.

मृण्मयी_क
सोमवारपेठ, सोमवार चांगला आहे पण मोकळा नाही. बँक, गॅस, पोरांचा डॉक्टर, सगळं सोमवारीच उघडं असतं आणि सुट्टी यांनाच असते. धाकटीला ९ ला सोडणं आजी-आजोबांवर पडणार. निदान ११:३० ला आणायचं काम फौंड्रीकरांनी घ्यावं. म्हणजे राईड १०:३० ला घरात संपली पाहिजे. साडेदहा म्हणजे साडेदहा, "पुईखडीवर आहे, आलोच" नाही.

दुसरं. सगळ्यांचा हिशोब तिथं चुकतो. एक तासाची राईड म्हणजे घरातनं एक तास नव्हे. हवा, बाटल्या, कपडे १५ मिनिटं. आल्यावर सायकल पुसणं, आंघोळ, कपडे भिजत टाकणं, खाणं ४० मिनिटं. म्हणजे घराच्या घड्याळात दोन तास गेले. तासाच्या चार राईड केल्या तर घरच्यांना आठ तास दिसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. म्हणून फेऱ्या कमी, प्रत्येक फेरी मोठी.

फौंड्रीकर
ताई, हे दोन तासांचं गणित पटलं. पण मग आठवड्यातल्या मधल्या राईडचं काय? सकाळ पाण्यात जाते.

चेनवाला
आधी पाण्याचं बघू. जमिनीखाली टाकी आहे का? असेल तर इनलेटला अर्ध्या इंचाचा पितळी बॉलकॉक बसवून घ्या. पाणी येईल तेव्हा टाकी आपली आपण भरेल, भरली की बंद होईल. वर चढवायची मोटर संध्याकाळी लावा. पत्र्याचे कॉक वर्षात गंजतात, तरंगता गोळा प्लास्टिकचा चालेल पण दांडी पितळी घ्या. नळाला थेट मोटर मात्र जोडू नका, ते बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं.

चाकं, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) नंतर. सायकलीचा पहिला अपग्रेड हा.

डबलट्रॉली
नाद खुळा! कार्बन व्हीलपेक्षा बॉलकॉक. हे सहीमध्ये टाकायला पाहिजे.

पाचवा_गिअर
मधल्या दिवसांसाठी वेगळा वेळ काढूच नका. कंपनीला सायकलनं जा. दहा किमीला ३० मिनिटं, मोटरसायकलनं २० लागतातच. म्हणजे जाता-येता खर्च होतात फक्त २० मिनिटं आणि राईड मिळते एक तासाची.

रस्ता : हायवेनं जाऊ नका. सहापदरीकरणामुळं सर्व्हिस रोड मधेच तुटतो आणि उलट्या बाजूनं दुचाकी येतात. विद्यापीठ, सरनोबतवाडी, उजळाईवाडी असं आतनं जा.

व्यवस्था : ज्या दिवशी मोटरसायकल नेता त्या दिवशी दोन जोड कपडे, टॉवेल, साबण कंपनीच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवा. बूट तिथंच ठेवा. पाठीवर सॅक नको, घाम साचतो. मागं कॅरिअर किंवा सीटखालची मोठी बॅग. शॉवर नसेल तर १० मिनिटं आधी पोचा, अंग थंड होऊ द्या, मग ओल्या टॉवेलनं पुसा. लगेच पुसलं तर शर्ट घातल्यावर परत घाम येतो. फौंड्रीच्या शेडजवळ सायकल उभी करू नका. वाळूची धूळ तेलकट चेनवर बसली की तिचा कानसपेपर होतो.

वॅटमीटर
पाचवा_गिअर, कम्यूटचे, म्हणजे कामावर जाण्या-येण्याचे, किलोमीटर म्हणजे कचरा. सिग्नल, खड्डे, म्हशी. हृदयाचा ठोका ना वर ना खाली. सहाच तास असतील तर त्यातला प्रत्येक तास मोजून मारायला हवा. आठवड्यातून दोनदा इंटरव्हल (ठरावीक मिनिटं जोर, मधे हलकं), एकदा लांब राईड, बस्स.

ट्रेनरवर तासाचा साचा घ्या : १२ मिनिटं वॉर्मअप, मग एफटीपीच्या (तासभर टिकवता येणारा जास्तीत जास्त जोर) ८८ ते ९४ टक्क्यांवर १० मिनिटं तीनदा, मधे ५-५ मिनिटं हलकं, शेवटी ८ मिनिटं कूलडाऊन. बरोबर ६० मिनिटं. पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारं यंत्र) नसेल तर मापदंड सोपा. तीन-चार शब्द बोलता येतात, पूर्ण वाक्य येत नाही, तेवढा जोर. केडन्स, म्हणजे पॅडलचे मिनिटाला फेरे, ८५-९०. शेवटच्या १० मिनिटांत वेग पडत असेल तर पहिली १० जास्त जोरात मारली, पुढच्या वेळी खाली आणा.

पाचवा_गिअर
कचरा म्हणे. येताना उजळाईवाडीपासनं विमानतळाच्या बाजूला अर्ध्या तासाचा फेरा वाढवा, त्यात सलग दोन वेळा दहा मिनिटं जोर लावा. सिग्नल नाही, म्हैस नाही. हेच तुमचं इंटरव्हल, आणि घरी तासभर खोलीत दार लावून बसायला लागत नाही. दार लावून बसलेला बाप पोरांना चालत नाही. बाहेर गेलेला चालतो.

मृण्मयी_क
शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. घरात असून नसणं जास्त खुपतं.

ट्रेनरघ्या
तरी ट्रेनरची बाजू मांडतो. पावसाळ्यात आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तोच कामाला येतो. पण घेण्याआधी हे बघा.

तुमची सायकल क्विक रिलीजची (चाक धरणारी बारीक दांडी, खटक्यानं सुटणारी) आहे की थ्रू अॅक्सलची (आरपार जाड दांडी)? थ्रू अॅक्सल असेल तर १२×१४२ चा अॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल. क्विक रिलीज असेल तर ट्रेनरसोबत येणारा स्टीलचाच स्क्यूअर (तीच बारीक दांडी) वापरा, सायकलीचा हलका अॅलॉयचा चिमट्यात दबून वाकतो.

चाक टेकवणारा स्वस्त ट्रेनर असेल तर टायरमध्ये नेहमी एकच हवा ठेवा, उदाहरणार्थ ९० पीएसआय, आणि रोलर टायरला टेकल्यावर नॉब दोन ते तीन फेरे, जास्त नाही. कमी आवळला तर टायर घसरून जळका वास येतो, जास्त आवळला तर मधला पट्टा सपाट होतो. रस्त्यावरचा चांगला टायर त्यावर घासू नका, जुना टायर मागच्या चाकाला ठेवा. चाक काढून बसवायच्या ट्रेनरला ही भानगड नाही, आवाजही कमी, पण पैसे बरेच जास्त आणि त्यावर कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) वेगळी लागते.

आवाज कानापेक्षा स्लॅबमधनं खाली जातो. खाली जाड रबर मॅट, त्यावर १८ मिमी प्लायवूड, त्यावर परत मॅट. पंखा समोरनं, छातीच्या उंचीवर. हँडलवर टॉवेल टाकाच, घामाचं मीठ हेडसेटच्या बेअरिंगात आणि स्टेमच्या बोल्टवर बसतं.

कट्ट्यावरचा
आणि लाईट गेली की पंखा बंद, मग खोलीत बसून घाम गाळायचा. त्यापेक्षा फौंड्रीत ओव्हरटाईम करा, पैसे तरी मिळतील.

रात्रपाळीवाला
रात्रपाळीच्या आठवड्याबद्दल कुणी बोललं नाही. तोच आठवडा सगळं प्लॅनिंग मोडतो.

सकाळी पाळी सुटल्यावर "जाता जाता एक फेरी" अजिबात नको. झोप न झालेल्या माणसाचा प्रतिसाद संथ असतो आणि ८ ते ९ ला शाळेच्या गाड्या, डंपर सगळं रस्त्यावर. घरी या, हलकं खा, खोली अंधारी करून निदान सहा-सात तास झोपा. राईड दुपारी ४:३० ला उठून, ४५ ते ६० मिनिटं, तीही निवांत, नाकानं श्वास घेता येईल इतपत. या आठवड्यात इंटरव्हल नाही, लांब राईड नाही. सहाचे तीन तास झाले तरी चालेल. चार आठवड्यांतला एक हलका आठवडा तसाही लागतो, तो रात्रपाळीलाच लावून टाका.

भट्टीजवळ काम असेल तर पाण्यासोबत मीठही जातं. ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक अख्खं पाकीट टाकायचं नाही, पोट बिघडतं.

वॅटमीटर
रात्रपाळीला हलका आठवडा, हे पटलं. माझ्या साच्यापेक्षा बरं बसतंय.

उसाचं_कांडं
अजून एक विषय राहिला. आत्ता पाऊस आहे, पण तुमची तयारी सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे पहिला अर्धा पुराचा आणि दुसरा उसाचा.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पातळी तिशी ओलांडून चढती असेल तर लांबचा बेत करू नका. पन्हाळ्याच्या रस्त्याला रेडेडोह फुटला (नदीचं पाणी तिथनं बाहेर पडलं) की आंबेवाडीजवळ पाणी येतं. गगनबावड्याकडं बालिंगा, मांडुकली ही ठिकाणं. पाणी उतरल्यावरही दोन-तीन दिवस थांबा, डांबरावर गाळाचा पातळ थर असतो, त्यावर पुढचा ब्रेक लावला की सायकल आडवी.

गाळप सुरू झालं की डबल ट्रॉली, म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. आत मोठ्यानं गाणी लावलेली, तुमची घंटा ऐकू येत नाही. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा, समोरचा रस्ता भरपूर मोकळा असेल तरच. चढावर ट्रॉलीच्या मागं चिकटून जायचं नाही. मोळी सुटते, ट्रॅक्टर मागं सरकतो. वळणावर सांडलेला उसाचा पाला ओला असेल तर सायकल सरळ ठेवून पार करा, तिथं ना ब्रेक ना वळण.

डबलट्रॉली
माझं नाव का घेतलं?

चेनवाला
अंधाराचा मुद्दा यातच येतो. डिसेंबर-जानेवारीत इथं उजाडतं सातच्या आसपास आणि संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. म्हणजे फौंड्रीकरांची परतीची राईड नोव्हेंबरपासनं अंधारात संपणार. मागं दोन दिवे : एक सीटपोस्टला सलग जळणारा, एक हेल्मेटला किंवा बॅगेला लुकलुकणारा. पुढं रस्ता दिसण्यासाठी निदान ४०० ल्युमेन, आणि झोत खाली, समोरच्याच्या डोळ्यांत नको. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट बीआरएमला अंधारात लागतंच, आत्तापासनं घालायची सवय करा. सगळे दिवे रविवारी रात्री एकदम चार्जिंगला, मोबाईलच्या शेजारी.

मृण्मयी_क
अंधारावरनं आठवलं. या धाग्यात बायको म्हणजे परवानगी देणारं खातं असं चाललंय. तिला स्वतःला सायकल चालवायची असेल तर? पहाटे पाचला एकटीनं कात्यायनीच्या रस्त्याला जा असं कुणी सांगणार नाही.

चालू शकतं ते असं. वार वाटून घ्यायचे. मंगळवार-गुरुवार तुमचे, बुधवार-शनिवार तिचे. तिच्या वारी व्हॅन, डबा, पाणी पूर्ण तुमच्याकडं, "मदत" नव्हे. तिला अंधारात जायचं नसेल तर उजाडल्यानंतरची वेळ तिची, अंधारातली तुमची. विद्यापीठाच्या बाजूला सकाळी चालणारे-धावणारे भरपूर असतात, तिथला फेरा सुरुवातीला बरा. मोबाईलवर लाईव्ह लोकेशन दोघांनीही लावायचं, फक्त तिनं नाही.

आणि डबा. डबा ही रात्रीची तयारी आहे, सकाळची नाही. कणीक मळून फ्रीजमध्ये, भाजी चिरून डब्यात, मटकी-मूग आदल्या दिवशी भिजवलेले. सकाळी फक्त पोळ्या आणि फोडणी, २५ मिनिटं. हे ज्याची राईड नसेल त्यानं करायचं.

सोमवारपेठ
वाजवी.

पाव्हणं
धाकटीला मागं बसवून फिरवता येईल का? म्हणजे राईडही आणि पोर सांभाळणंही.

चेनवाला
मागच्या सीटची मर्यादा बहुतेक कंपन्यांची २२ किलो, त्यामुळं तीन वर्षांची मुलगी वजनात बसते. पण रोड बाईकवर नको. मागं कॅरिअर बसवायची भोकं नसतात, टायर बारीक, आणि मागं वजन आलं की पुढचं चाक हलकं होतं. जुनी एमटीबी किंवा हायब्रीड, ४० च्या वरचे टायर, पायाला स्पोकपासनं वाचवणारी बाजूची ढाल, पाचपट्टी बेल्ट आणि तिच्या मापाचं हेल्मेट. सायकल स्टँडवर लावून पोर सीटवर सोडून हात काढायचा नाही, अपघात उभ्यानंही होतात. रंकाळ्याला एक संथ फेरी, शनिवारी संध्याकाळी. याला ट्रेनिंग म्हणू नका, घरच्या खात्यात धरा.

कट्ट्यावरचा
रंकाळ्यावर झोन टू (हलक्या, एकसारख्या जोराचा सराव) करणाऱ्यांना पण सांगा जरा. सकाळी आजोबा लोक चार-चार जण हातात हात घालून चालतात, त्यांच्यातनं २८ ने काढायची जागा नाही ती.

गुळाचा_खडा
खाण्याबद्दल लिहितो. तासाभराच्या राईडला पाणी पुरे. दीड तासाच्या वर गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, २० ग्रॅम गुळात थोडं कमी, १८-१९. म्हणजे तासाला एक केळ आणि एक खडा झाला हिशोब. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण दाण्यात तेल असतं, ती सावकाश पचते. चढाच्या आधी गूळ, सपाटीला चिक्की. भूक लागल्यावर खायचं नाही, घड्याळ बघून खायचं, दर ३०-४० मिनिटांनी. लांब राईडला जे खाणार तेच बीआरएमला.

पन्हाळा ते घर उतरून मिसळ खाणारे बरेच. राईड संपल्यावर खा, हरकत नाही. मधे खाल्ली तर कट आणि तर्री घेऊन पुढचे ५० किमी काढणं हे वेगळं बीआरएम आहे. प्रथिनांसाठी चार अंडी, २४ ग्रॅमच्या आसपास. अंडी चालत नसतील तर गंगावेशीचं अर्धा लिटर दूध, १६-१८ ग्रॅम, वर मूठभर फुटाणे.

डबलट्रॉली
रविवारी मटणाच्या रांगेत उभं राहायचं काम पण त्याच खात्यात धरा. रायडर लवकर उठतोच, तर येताना मटण आणू दे. तांबडा-पांढरा झाला की घरात सगळी परवानगी मिळते.

सासणेमैदान
जोर लावायचं एवढं बोललात, मग बैठका? तालमीतनं काहीतरी शिका की. पंधरा मिनिटं, आठवड्यातनं दोनदा : बैठका १२ च्या तीन फेऱ्या, एका पायावरचा पूल म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं १० च्या दोन, प्लँक ४० सेकंद तीनदा. शंभर-दोनशे बैठका मारायच्या नाहीत, सायकलवाल्याच्या गुडघ्याला आधीच हजारो फेरे असतात. लांब राईडच्या आदल्या दिवशी नको. २०० मध्ये पायांपेक्षा मान आणि कंबर आधी बोलते, त्याला हा उपाय.

चेनवाला
सायकलीची देखभाल राहिली. वेळ नाही म्हणून तीच पहिली टळते, आणि मग पहाटे साडेपाचला गिअर लागत नाही.

आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं. चेन कोरड्या फडक्यात धरून पॅडल उलटं फिरवा, काळं येणं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक रोलरला एक थेंब, पाच मिनिटं थांबून वरचं सगळं तेल पुसून घ्या. तेल आत हवं, बाहेरचं फक्त धूळ धरतं. पावसात भिजून आलात तर त्याच रात्री पुसा, सकाळपर्यंत ठेवली तर गंजाची लाली येते.

चेन झिजली का, स्टीलच्या पट्टीनं बघा. पिनच्या मध्यापासनं बारा इंचावर पिनचाच मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढं गेली असेल तर बदला, अकरा-बारा स्पीडला त्याच्याही आधी. वेळेत बदलली तर कॅसेट वाचते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते. डिस्क ब्रेक असेल तर पॅडचा मसाला अर्धा मिमी उरायच्या आधी बदला, पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी डोकावून बघा.

हवा : ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरला मागं ८०, पुढं ७५. पावसात दोन्हीकडं पाच कमी. पंक्चर रस्त्यावर चिकटवत बसायचं नाही, ट्यूब बदलायची, जुनी घरी येऊन चिकटवायची. नवी घालायच्या आधी टायरच्या आतनं कापूस फिरवा, बाभळीच्या काट्याचं टोक अडकलेलं असेल तिथं कापूस लागतो. ते न काढता ट्यूब घातली की पुढच्या दोन किमीत परत तेच.

सोमवारपेठ
कुणी सण धरले नाहीत. गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळे नेमके तयारीच्या महिन्यांत. नवरात्रात अंबाबाईच्या बाजूचे रस्ते बंद, गावातनं सायकल काढणंच अवघड. दिवाळीत पाहुणे, आणि पोरांचा किल्ला कोण करणार? त्या आठवड्यात माती आणून किल्ला करा, सायकल फक्त कम्यूटला. दिवाळीचा आठवडा मोकळा सोडला तर तयारीला काही धक्का बसत नाही. लांब राईड मात्र दिवाळीच्या आधीच एक आणि नंतर एक पक्की ठेवा.

फौंड्रीकर
सगळ्यांचे आभार. बॉलकॉकवाल्याला उद्याच फोन करतो. वरचं सगळं घेऊन आठवडा असा बसवलाय, चुका काढा :

सोमवार : ७:३० ते १०:३०, तीन तास, पन्हाळा किंवा भोगावती रस्ता.
बुधवार : सायकलनं कंपनी, येताना विमानतळाच्या बाजूचा अर्ध्या तासाचा फेरा, त्यात १० मिनिटं दोनदा. दीड तास.
शुक्रवार : कम्यूट, येताना वीस-पंचवीस मिनिटं वाढवून, सगळं निवांत. दीड तासाच्या आत.
मंगळवार, शनिवार : बैठका १५ मिनिटं.
रात्रपाळी : तीन तास, सगळं हलकं.
ट्रेनर सध्या नाही.

वॅटमीटर
ट्रेनर नाही म्हणून वाईट वाटलं, पण सहा तास नीट बसले. फक्त शुक्रवारी निवांत म्हणजे खरंच निवांत. मागनं एखादी मोपेड पुढं गेली म्हणून जोर लावायचा नाही.

चेनवाला
सोमवारी तीन तास सलग तीन महिने करत राहिलात तर तुम्ही तीन तासांत पटाईत व्हाल. २०० ला लागणारं सीट आणि खाणं त्यात तपासलं जात नाही. महिन्यातनं एक सोमवार मोठा हवा. सप्टेंबरअखेर ८० किमी, ऑक्टोबरात ११० : गगनबावडा आणि परत, बालिंगा-कळे-साळवण, एका बाजूला साधारण ५५. नोव्हेंबरात १३०. त्यापेक्षा लांब बीआरएमच्या आधी लागत नाही, आणि शेवटची मोठी राईड बीआरएमच्या दोन-तीन आठवडे आधी. गगनबावड्याला पाऊस पूर्ण ओसरल्यावरच जा, इकडं ऊन असताना तिथं कोसळत असतो.

त्या तीन सोमवारी साडेअकराला बालवाडीला कोण जाणार, हे आजच ठरवा.

मृण्मयी_क
आणि ज्याला सांगणार त्याला विचारून ठरवा. बाबांना कळवणं वेगळं, विचारणं वेगळं. कॅलेंडरवर तिन्ही तारखा आत्ताच लाल करा, शेजारी बायकोच्या तीन तारखा पण. तिला त्या दिवशी काय करायचं ते ती बघेल.

फौंड्रीकर
विचारलं. बाबा तयार आहेत. सौ. म्हणाल्या तिच्या तीन तारखांना तिला पण सायकल पाहिजे, माझी नको, स्वतःची. तेव्हा नवीन प्रश्न : पाच फूट एक इंच उंची, हायब्रीड, कुठल्या मापाची फ्रेम?

चेनवाला
१४ ते १६ इंच, किंवा कंपनीच्या मापात एक्सएस नाहीतर एस. घेण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहून बघायला सांगा, वरच्या नळीपासनं दोन-तीन इंच मोकळं राहिलं पाहिजे. सीटची उंची : टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली, पाय सरळ. चालवताना तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघा थोडा वाकलेला राहतो.

पाव्हणं
माझ्याकडं १६ इंची हायब्रीड पडून आहे, कमी चाललेली. देऊ का?

संपादक
खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे, तिकडं धागा काढा. कात्यायनीच्या चढाला कुठला गिअर हा विषय मात्र इथं चालेल.

पाव्हणं
काढला. फोटो उद्या टाकतो, आधी हवा भरायला पाहिजे.